लाथा, बॉम्ब आणि एक विहीर

भारतातल्या एका खेड्यात कॉलऱ्याची साथ आली. गावात घरे २२३. त्यांतल्या १६८ घरांत कोणीच आजारी पडले नाही. ३२ घरांत एकेक रुग्ण निघाला, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एकूण रुग्ण ८६. गावाचा नकाशा, कोणाचे घर कुठे, कोण कुठल्या विहिरीवर पाणी भरते, यातले काहीही या यादीत नाही. आहेत ते फक्त पाच आकडे. अँडरसन मॅकेंड्रिक या स्कॉटिश डॉक्टरांनी तेवढ्यावरून निदान केले, की या गावातली सुमारे ९३ घरेच धोक्यात होती आणि बाकीच्यांपर्यंत रोग पोचण्याचा संभवच नव्हता. साथ पाण्यातून पसरली असावी, गावात विहिरी एकाहून अधिक असाव्यात आणि त्यांतली एकच दूषित झाली असावी. पुढे स्थानिक चौकशी झाली तेव्हा तशी विहीर सापडली. गावातला एक ठरावीक समूह तिचेच पाणी पीत होता.

मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काही वर्षे काढली आणि १९२० मध्ये ते एडिंबरोला परतले. कॉलऱ्याचे हे उदाहरण त्यांनी १९२६ मध्ये वैद्यकातल्या गणितावरच्या एका निबंधात दिले. त्यांचे नाव आज घेतले जाते ते मात्र त्याच्या पुढच्याच वर्षी विल्यम कर्मॅक या रसायनशास्त्रज्ञाबरोबर लिहिलेल्या दुसऱ्या निबंधामुळे. साथ कशी चढते आणि कशी ओसरते याची समीकरणे त्यात होती आणि ती पडताळायला वापरले होते मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगमधल्या मृत्यूंचे साप्ताहिक आकडे. करोनाच्या काळात जे आलेख रोज टीव्हीवर दिसत होते त्यांचे मूळ त्या निबंधात आहे. कॉलऱ्याचा निबंध त्यामानाने मागे पडला. खरे तर संख्याशास्त्र शिकू पाहणाऱ्याने सुरुवात करावी ती इथून.

कारण मॅकेंड्रिक यांनी जे केले त्याची पहिली पायरी अगदी साधी होती. आपल्यासमोर आलेले आकडे निव्वळ योगायोगाने आले असते, तर ते कसे दिसले असते? हे आधी माहीत असल्याशिवाय ‘१६८ घरांत कोणीच आजारी नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. १६८ ही संख्या जास्त आहे की कमी? कशाच्या तुलनेत? ही तुलनेची वस्तू म्हणजेच संभाव्यता-वितरण.

महाविद्यालयात ही वितरणे एकापाठोपाठ एक येतात. द्विपद, प्वासाँ, प्रसामान्य, घातांकी. प्रत्येकाचे सूत्र, सरासरी, प्रचरण आणि चार गणिते. परीक्षा संपली की सूत्रे जातात. सूत्राआधी एखाद्या वितरणामागच्या अटी समजून घेतल्या, तर ते डोक्यात टिकते. प्वासाँ वितरणाच्या अटी तर बोटांवर मोजण्यासारख्या आहेत. घटना घडण्याच्या संधी भरपूर असाव्यात. प्रत्येक संधीत ती घडण्याची शक्यता अगदी थोडी असावी. ही शक्यता सगळीकडे सारखी असावी. आणि एक घटना घडली म्हणून दुसरी घडण्याची शक्यता वाढू नये, घटूही नये. एवढे जमले की बाकी कशाचीही माहिती लागत नाही. सरासरी किती, हा एकच आकडा पुरतो.

सिमेओं-देनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञांनी हे १८३७ मध्ये मांडले, तेही न्यायालयांच्या निकालांवरच्या एका जाडजूड ग्रंथात. ज्युरीतले लोक किती वेळा चुकतात, हा त्यांचा मुख्य विषय. हे वितरण त्यात जाता जाता आले आणि पुढची साठ वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

त्याला प्रसिद्धी मिळवून दिली ती घोड्यांनी. लाडिस्लाउस बोर्टकिएविच हे सेंट पीटर्सबर्गमध्ये वाढलेले पोलिश वंशाचे अर्थशास्त्रज्ञ. १८९८ मध्ये त्यांनी ‘लहान संख्यांचा नियम’ या अर्थाच्या नावाचे एक छोटे जर्मन पुस्तक काढले. त्यात प्रशियाच्या सैन्यातल्या चौदा कोअरची (मोठ्या सैन्यदलांची) १८७५ ते १८९४ या वीस वर्षांची नोंद होती. घोड्याची लाथ बसून दर वर्षी प्रत्येक कोअरमधले किती सैनिक मेले, याची. एकूण १९६ मृत्यू. बोर्टकिएविच यांनी स्वतःच लिहून ठेवले, की यातल्या चार कोअरची रचना इतरांहून वेगळी आहे. ते चार बाजूला काढले की उरतात दहा कोअर आणि वीस वर्षे, म्हणजे २०० नोंदी आणि १२२ मृत्यू. संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत फिरणारा तक्ता तो हाच. पण चार कोअर का वगळले, हे त्यातली बरीच पुस्तके सांगत नाहीत. ‘शक्यता सगळीकडे सारखी’ ही अट तिथे मोडत होती, हे त्याचे कारण. उत्तर छान यावे म्हणून आकडे गाळणे वेगळे आणि अट मोडते हे आधी सांगून बाजूला ठेवणे वेगळे.

आता हिशेब. १२२ भागिले २००, सरासरी ०.६१. शून्य मृत्यूंच्या नोंदी किती असाव्यात हे काढायला २.७१८ या संख्येचा ०.६१ वा घात घ्यायचा आणि त्याने १ ला भागायचे. उत्तर येते ०.५४३. दोनशेतले इतके म्हणजे १०८.७. इथून पुढे कॅल्क्युलेटरचीही गरज नाही. एक मृत्यू असलेल्या नोंदी हव्या असतील तर १०८.७ ला ०.६१ ने गुणायचे, येतात ६६.३. दोन मृत्यूंसाठी त्यालाच पुन्हा ०.६१ ने गुणून २ ने भागायचे, २०.२. तीनसाठी पुन्हा गुणून ३ ने भागायचे, ४.१. चारसाठी ४ ने भागायचे, ०.६. सैन्याच्या दप्तरात प्रत्यक्षात काय होते? १०९, ६५, २२, ३ आणि १.

हा मेळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटतो. कुठला घोडा कधी बिथरला, कुठला नवखा शिपाई चुकीच्या बाजूने तबेल्यात शिरला, यातले काहीच या गणिताला ठाऊक नाही. एका कोअरमध्ये एका वर्षात चार जण मेले तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याला नक्कीच कोणाला तरी जाब विचारावासा वाटला असेल. दोनशे नोंदींत असे एखादे वर्ष यायचेच, हे त्याला कोण सांगणार?

हीच गोष्ट १९४४ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये मोठ्या प्रमाणावर घडली. जूनपासून जर्मनीचे व्ही-१ हे बिनवैमानिकाचे उडते बॉम्ब शहरावर पडू लागले. काही वस्त्यांवर एकामागून एक बॉम्ब येत आणि शेजारची वस्ती कोरी राही. हे बॉम्ब घोळक्याने पडतात, असे लोक म्हणू लागले. तसे असते, तर त्याचा अर्थ गंभीर होता. शत्रूकडे चांगल्यापैकी नेम साधणारे यंत्र आहे, असा तो अर्थ. प्रुडेन्शियल या विमा कंपनीतले ॲक्च्युअरी आर. डी. क्लार्क यांनी लंडनच्या दक्षिण भागातला १४४ चौरस किलोमीटरचा तुकडा घेऊन त्याचे पाव-पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडले. त्यांत ५३७ बॉम्ब पडले होते. एकही बॉम्ब न पडलेले चौकोन २२९, एक पडलेले २११, दोन पडलेले ९३, तीनचे ३५, चारचे ७ आणि पाच किंवा अधिक पडलेला फक्त एक. वर सांगितलेल्याच रीतीने गुणाकार-भागाकार केला तर आकडे येतात साधारण २२७, २११, ९९, ३१, ७ आणि २. त्या शेवटच्या एकट्या चौकोनात सात बॉम्ब पडले होते. तिथे राहणाऱ्यांना ‘हा योगायोग आहे’ असे सांगून त्यांचे समाधान झाले असते असे नाही, पण तो योगायोगच होता. क्लार्क यांचे टिपण युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, छापून आले. ते जेमतेम एका पानाचे आहे.

फरशीवर पावसाचे पहिले थेंब पडतात तेव्हा एका फरशीवर चार आणि बाजूच्या दोन कोरड्या, असेच दिसते. सगळ्या फरश्यांवर अगदी सारखे थेंब दिसले, तर उलट संशय घ्यायला हवा. माणसाच्या डोळ्याला ‘यादृच्छिक’ म्हणजे ‘सम प्रमाणात पसरलेले’ असे वाटते. ही समजूत शाळा-कॉलेजे करूनही जात नाही. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्यांची जात नाही आणि एका गावात कॅन्सरचे पाच रुग्ण दिसले की मथळा देणाऱ्या पत्रकारांचीही जात नाही.

मात्र क्लार्क यांच्या निष्कर्षाला एक मर्यादा आहे आणि ती सांगायला हवी. त्यांनी सबंध लंडन घेतले नव्हते. सबंध लंडनभर बॉम्ब सारख्या दाटीने पडलेच नाहीत. दक्षिणेकडच्या क्रॉयडनला सर्वाधिक मार बसला, उत्तरेकडचे कित्येक भाग बचावले. म्हणजे मोठ्या नकाशावर प्वासाँ वितरण लागू पडले नसते. निवडलेल्या १४४ चौरस किलोमीटरांत मात्र पडले. वितरण ‘लंडनचे’ नव्हते, त्या तुकड्याचे होते.

एव्हाना एक गोष्ट वाचकाच्या लक्षात आली असेल. प्वासाँ वितरण जुळले, की सांगण्यासारखे फारसे उरत नाही. कोणाचा दोष नाही, कोणाचा नेम नाही, एवढेच. गंमत सुरू होते ती ते जुळत नाही तेव्हा.

कॉलऱ्याच्या गावाकडे आता या नजरेने पाहता येते. ८६ रुग्ण आणि २२३ घरे, सरासरी ०.३८६. सगळी घरे सारख्याच धोक्यात असती, तर शून्य रुग्णांची सुमारे १५२ घरे दिसायला हवीत, एकाची ५८-५९, दोनची ११, तीनची एखाद-दुसरी आणि चारचे बहुधा एकही नाही. प्रत्यक्षात शून्याची घरे १६८, एकाची फक्त ३२, दोनची १६ आणि तीनची चक्क ६. दोन्ही टोकांना गर्दी, मध्ये खळगा. काही घरे रोगाच्या कक्षेतच नव्हती असे धरले, तर हा खळगा समजतो. पण ती घरे किती? न आजारी पडलेल्या १६८ घरांत दोन जातींची घरे मिसळली आहेत. एक, जिथे दूषित पाणी आलेच नाही. दुसरी, जिथे ते आले पण घरातले नशिबाने वाचले. दारावर तशी खूण नसते.

मॅकेंड्रिक यांची युक्ती इथे आहे. त्यांनी अशा दोन बेरजा शोधल्या, की ज्यांत शून्याची घरे, मग ती कोणत्याही जातीची असोत, काहीच भर घालत नाहीत. पहिली बेरीज म्हणजे एकूण रुग्ण, ८६. दुसरी अशी, की प्रत्येक घरातली रुग्णसंख्या घ्यायची, तिला तिच्याहून एकने कमी संख्येने गुणायचे आणि सगळ्या घरांची बेरीज करायची. एक रुग्ण असेल तर १ गुणिले ०, म्हणजे काही नाही. दोन रुग्णांच्या १६ घरांचे प्रत्येकी २, मिळून ३२. तीनच्या ६ घरांचे प्रत्येकी ६, मिळून ३६. चारच्या एका घराचे १२. एकूण ८०. प्वासाँ वितरणाचा गुणधर्म असा, की पहिली बेरीज म्हणजे घरांची संख्या गुणिले सरासरी, आणि दुसरी म्हणजे घरांची संख्या गुणिले सरासरीचा वर्ग. दुसरीला पहिलीने भागले की सरासरी हाती येते, ८० भागिले ८६, म्हणजे ०.९३. आणि ८६ ला ०.९३ ने भागले की धोक्यातल्या घरांची संख्या, ९२ ते ९३. मॅकेंड्रिक यांनी ९३ धरली. या ९३ घरांसाठी पुन्हा हिशेब मांडला, की अपेक्षित आकडे येतात ३७, ३४, १६, ५ आणि १. शून्य सोडून बाकीचे प्रत्यक्ष आकडे ३२, १६, ६, १. म्हणजे १६८ पैकी साधारण ३७ घरे नशिबाने वाचली आणि उरलेली सुमारे १३० वेगळ्या पाण्यावर होती.

लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप शोधला तो मृत्यू कुठे झाले ते पाहून आणि घरोघर चौकशी करून. मॅकेंड्रिक यांच्या हिशेबात घरांचे पत्तेच नव्हते. या पद्धतीवर शंका घ्यायलाही जागा आहे. कॉलरा घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, मग ‘एका घटनेचा दुसरीवर परिणाम नाही’ ही अट पूर्ण पाळली जाते का? ९३ हा आकडा म्हणून काटेकोर मानायचा नाही. पण विहीर शोधायला निघालेल्या माणसाला तो पुरेसा होता.

असेच न जुळणारे आकडे पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हाती आले आणि त्यांची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. तोफगोळे तयार करणाऱ्या ६४७ स्त्री-कामगारांच्या पाच आठवड्यांतल्या अपघातांची नोंद मेजर ग्रीनवुड आणि अडनी यूल यांनी १९२० मध्ये तपासली. (मेजर हे ग्रीनवुड यांचे नाव होते, हुद्दा नव्हे.) ४४७ जणींना एकही अपघात झाला नाही. १३२ जणींना एक, ४२ जणींना दोन, २१ जणींना तीन, तिघींना चार आणि दोघींना पाच. एकूण अपघात ३०१, सरासरी ०.४६५. प्वासाँ वितरणाप्रमाणे शून्याच्या ४०६, एकाच्या १८९, दोनच्या ४४, तीनच्या ७ आणि चारची एखादीच स्त्री असायला हवी होती. तीन अपघातांच्या सातऐवजी एकवीस!

अशी विसंगती एका आकड्यात पकडता येते. प्रत्येक नोंद सरासरीपासून किती दूर आहे त्याचा वर्ग करायचा आणि त्या सगळ्या वर्गांची सरासरी काढायची. तिला प्रचरण म्हणतात. प्वासाँ वितरणात सरासरी आणि प्रचरण समान असतात. घोड्यांच्या लाथांच्या तक्त्यात दोन्ही ०.६१ निघतात. दारूगोळ्याच्या कारखान्यात सरासरी ०.४६५ आणि प्रचरण ०.६९, जवळपास दीडपट. नवे आकडे हाती आले की हा भागाकार सर्वांत आधी करून पाहावा. दोन ओळींचे काम आहे, आणि पुढच्या चार दिवसांची मेहनत वाचू शकते.

ग्रीनवुड आणि यूल यांनी असे धरले, की प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत अपघात प्वासाँ पद्धतीनेच होतात, पण प्रत्येकीची सरासरी वेगळी. कोणाची कमी, कोणाची जास्त. या वेगवेगळ्या सरासऱ्यांचे मिश्रण केले, की ऋण द्विपद नावाचे वितरण मिळते. त्यावरून साधारण ४४३, १३८, ४४, १४, ५ आणि २ असे आकडे येतात. प्रत्यक्ष आकड्यांशी हे कितीतरी अधिक जवळचे. इथून ‘काही कामगार मुळातच अपघातप्रवण असतात’ हा विचार पुढे वाढला आणि कारखानदारांना तो आवडण्यासारखाच होता. यंत्राला जाळी बसवण्यापेक्षा अपघातप्रवण माणूस हुडकून काढून टाकणे स्वस्त.

पण आकडे एवढे म्हणत नव्हते. १९२३ मध्ये एगेनबेर्गर आणि पोल्या यांनी दाखवले, की नेमके हेच ऋण द्विपद वितरण अगदी वेगळ्या वाटेनेही मिळू शकते. सगळ्या कामगार सुरुवातीला सारख्याच, पण एक अपघात झाला की भीतीने, दुखापतीने दुसऱ्याची शक्यता वाढते, असे धरले तरी तक्ता तोच येतो. यंत्रांचे धोके निरनिराळे असतील तरी तोच. एकाच तक्त्यामागे तीन कथा आणि तक्ता कितीही वेळ पाहिला तरी त्यांतली खरी कोणती ते कळत नाही. त्यासाठी वेगळी माहिती लागते. त्याच माणसांची दोन वेगवेगळ्या काळांतली नोंद, यंत्रांची नोंद. एथेल न्यूबोल्ड या संख्याशास्त्रज्ञ स्त्रीने १९२६ च्या आपल्या अहवालात या प्रश्नाचा बारकाईने विचार केला होता. ‘वितरण जुळले, म्हणजे कारण सापडले’ ही चूक आजही, संगणकावर एका आज्ञेत वीस वितरणे जुळवून पाहता येतात अशा काळात, भरपूर होते. किंबहुना जास्तच होते.

प्रचरण सरासरीपेक्षा जास्त निघते तसे कधी ते कमीही निघते. याचे एक चांगले उदाहरण पुण्यात सापडते. वि. म. दांडेकर हे नाव मराठी वाचकाला नीळकंठ रथ यांच्यासोबत केलेल्या भारतातल्या दारिद्र्यावरच्या १९७१ च्या अभ्यासामुळे माहीत असते. पण गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्याआधी त्यांनी महाराष्ट्रातल्या जननदराच्या पाहण्या केल्या होत्या, आणि १९५५ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या ‘सांख्य’ या नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला. विषय, द्विपद आणि प्वासाँ वितरणांची सुधारित रूपे. ठरावीक वर्षांत एका स्त्रीला किती वेळा गर्भ राहिला, या मोजणीला साधे प्वासाँ वितरण लावता येत नाही. कारण उघड आहे. गर्भ राहिल्यानंतर नऊ महिने आणि बाळंतपणानंतरचा काही काळ पुन्हा गर्भ राहण्याची शक्यता शून्य असते. एक घटना घडली की पुढची काही काळ अडते. घटना आपोआप अंतर राखून येतात, आकडे सरासरीभोवती गोळा होतात, प्रचरण घटते. दांडेकर यांनी वितरणाच्या अटींतच हा बंदिस्त काळ घातला आणि सूत्र नव्याने बांधले. तयार वितरणांच्या यादीतून त्यातल्या त्यात बरे दिसणारे उचलणे आणि घटना कशी घडते याचा विचार करून वितरण घडवणे, या दोन गोष्टींतला फरक इथे स्पष्ट दिसतो.

भौतिकशास्त्रज्ञांनाही ही अडचण चांगलीच ओळखीची. किरणोत्सर्ग मोजणारे गायगर यंत्र एक कण नोंदवल्यावर क्षणभर मुके होते आणि त्या क्षणात आलेला दुसरा कण हुकतो. रदरफर्ड आणि गायगर यांनी १९१० मध्ये मँचेस्टरला अल्फा कण मोजले ते मात्र पडद्यावरच्या ठिणग्या पाहून. साडेसात सेकंदांचे २,६०८ कालखंड, दर खंडात सरासरी ३.८७ ठिणग्या. त्यांचा तक्ता प्वासाँ वितरणाला इतका धरून आहे, की शंभर वर्षांनंतरही शिक्षक तोच फळ्यावर मांडतात.

डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात याच वितरणाचा फार व्यवहारी उपयोग झाला. तिथले रसायनशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०७ मध्ये यीस्टच्या पेशी मोजण्यातल्या चुकीवर लिहिले. सूक्ष्मदर्शकाखाली ४०० बारीक चौकोनांची काच, त्यावर द्रवाचा पातळ थर आणि प्रत्येक चौकोनातल्या पेशींची मोजणी. प्वासाँ यांनी हे आधीच केले आहे हे बहुधा त्यांच्या ध्यानी नव्हते. त्यांनी वितरण स्वतःच काढले. त्यातून निघालेला नियम रक्तपेशी मोजणाऱ्या लॅबमध्ये आजही चालतो. मोजणीतली नैसर्गिक हेलकाव्याची चूक साधारण मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. १०० पेशी मोजल्या तर दहाची, म्हणजे दहा टक्के. ४०० मोजल्या तर वीसची, म्हणजे पाच टक्के. चूक निम्मी करायची तर काम चौपट. बिअरच्या प्रत्येक हौदात यीस्ट किती घालायचे हे ठरवणाऱ्या कारखान्याला ही माहिती पैशांत मोजता येत होती.

न जुळण्याचा सर्वांत मोठा शोध मात्र जीवशास्त्रात लागला. १९४३ साली प्रश्न असा होता, की जिवाणूंवर विषाणू सोडले, तर थोडे जिवाणू जगतात आणि त्यांची संततीही विषाणूला दाद देत नाही. ही प्रतिकारशक्ती विषाणूशी गाठ पडल्यावर निर्माण होते, की उत्परिवर्तनाने आधीच कुठेतरी आलेली असते? इटलीतून अमेरिकेत आलेले साल्व्हादोर लुरिया इंडियाना विद्यापीठात या प्रश्नाशी झुंजत होते. प्राध्यापकांच्या एका नृत्याच्या कार्यक्रमात त्यांचे एक सहकारी नाणी टाकून खेळण्याच्या यंत्रावर खेळत होते. बराच वेळ काही नाही आणि मग एकदम नाण्यांचा ढीग. लुरिया यांना तिथे मार्ग सुचला. विषाणूशी गाठ पडल्यावरच बदल होत असेल, तर प्रत्येक जिवाणूला तो होण्याची शक्यता तेव्हाच आणि सारखीच. अनेक नळ्यांत वेगवेगळे वाढवलेले जिवाणू तपासले, तर जगणाऱ्यांची संख्या प्वासाँ वितरण पाळील. पण बदल आधीच, वाढीच्या काळात कधीही होत असेल, तर ज्या नळीत तो लवकर झाला तिथे त्या एका जिवाणूची प्रचंड संतती असेल आणि बाकीच्या नळ्या रिकाम्या.

त्यांच्या एका प्रयोगातल्या वीस नळ्यांचे आकडे असे होते. १, ०, ३, ०, ०, ५, ०, ५, ०, ६, १०७, ०, ०, ०, १, ०, ०, ६४, ०, ३५. सरासरी ११.३५. प्रचरण सातशेच्या घरात. साठपटीहून जास्त! एकाच नळीतून दहा नमुने घेतले तेव्हा मात्र आकडे १३ ते २६ च्या दरम्यान राहिले आणि प्रचरण सरासरीच्या जवळपास आले. म्हणजे मोजणीत खोट नव्हती. गणिताची बाजू सांभाळली नॅशव्हिलच्या माक्स डेलब्र्यूक यांनी. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. उत्परिवर्तन आधी होते आणि विषाणू फक्त निवड करतो, हे एका भागाकारातून दिसले. याचा फायदा पुढे औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या अभ्यासाला झाला. १९६९ चे वैद्यकाचे नोबेल लुरिया, डेलब्र्यूक आणि आल्फ्रेड हर्शी यांना मिळाले.

या नळ्यांतल्या आकड्यांच्या वितरणाला आता लुरिया-डेलब्र्यूक वितरण असेच नाव आहे. ते हाताळायला त्रासदायक आहे. त्याची शेपटी इतकी लांब, की १०७ सारखी एखादी नळी सरासरी कुठल्या कुठे नेऊन ठेवते. उत्परिवर्तन किती वेळा झाले हे काढायला सरासरीचा उपयोग होत नाही म्हणून त्या दोघांनी रिकाम्या नळ्यांवर भर दिला. संतती किती झाली हे कितीही बेभरवशाचे असले, तरी नळीत एकही उत्परिवर्तन झाले की नाही, हे प्वासाँ वितरणानेच ठरते. वीसपैकी अकरा नळ्या रिकाम्या, म्हणजे ०.५५. बोर्टकिएविच यांच्या तक्त्यात सरासरीवरून शून्याचा वाटा काढला, तसा इथे उलटा, शून्याच्या वाट्यावरून सरासरी काढायची. २.७१८ चा कितवा घात केला म्हणजे १ भागिले ०.५५ येईल? सुमारे ०.६ वा. म्हणजे दर नळीत सरासरी ०.६ उत्परिवर्तने. तिला नळीतल्या एकूण जिवाणूंच्या संख्येने भागले, की एका जिवाणूमागे उत्परिवर्तनाचा दर मिळतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत ही शून्ये मोजण्याची रीत अजून वापरात आहे.